तुमची सकाळची मिशेरी

आई, काल सकाळी मी मिशेरी भाजली. तुमच्या दहाव्याच्या दिवशी, मागच्या दाराशी, तीन दगडांच्या चुलीवर, तुमच्याच त्या काळ्याकुट्ट तव्यावर. लग्न होऊन या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तंबाखूच्या पानाला मी बोट लावलं नव्हतं. गावची आशाताई मी. घरोघरी 'तंबाखू सोडा, तंबाखू सोडा' म्हणून घसा कोरडा करणारी. आणि काल तीच बाई ठसके देत, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत पानं उलथत बसली होती. शेजारच्या हौसाकाकू कुंपणावरून ओरडल्या, "वंदे, जाळ कमी कर गं! मिशेरी भाजतेस का घर पेटवतेस?" मला हसू आलं, रडूही आलं, आणि त्या नादात ती थोडी करपलीच.

तुम्ही असतात तर बोटभर लावून बघून म्हणाला असतात, "करपवलीस गं बाय." पण तुम्ही असतात तर मी भाजलीच नसती, हेही खरं. शेवटच्या आठवड्यात तुम्ही तापानं पडला होतात, हात थरथरत होते, आणि मला म्हणालात, "वंदे, डबी संपलीय. एवढीशी भाजून दे. एकच लावते मी, तुला ठावं हाय." मी काय म्हणाले? "माझ्या हातानं विष भाजायला सांगू नका." आणि रजिस्टर काखेत मारून लसीकरणाला निघून गेले. पाचव्या दिवशी दुपारी चहा पिता पिता गेलात. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून माझं ते वाक्य माझ्याच घशात अडकून बसलंय. तुम्ही मला माफ करून गेलात की तशाच गेलात, एवढंच मला कळायला हवं होतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, ते मला माहीत आहे. मी मोठ्यानं बोलत बोलत लिहितेय, नेहमीसारखी. ऐका.

मी नवी नवरी होते तेव्हा तुमच्या त्या मिशेरीचा मला किती राग यायचा! पहाटेची भाकरी थापून, ह्यांना रसायनीच्या पहिल्या पाळीला डबा देऊन तुम्ही मागच्या पायरीवर बसायचात. कमरेची डबी काढायची, चिमूटभर काळी पूड तळहातावर घ्यायची आणि बोटानं हिरड्यांना लावत राहायचं. समोर अळवाची पानं, पलीकडे भाताची खाचरं, त्याच्या पलीकडे डोंगर. अर्धा तास कुणी बोलायचं नाही. बोललं तर तुम्ही भरल्या तोंडानं नुसतं "हूं" करायचात. मला वाटायचं, काय ही घाण सवय! दिवसभरात तेवढ्या अर्ध्या तासात तुमच्याकडे कुणी काही मागत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला पंधरा वर्षं लागली.

मग मी आशाताई झाले. आधीच जीभ लांब, त्यात प्रशिक्षण मिळालं. मग काय विचारता! सडलेल्या तोंडांच्या चित्रांचा तक्ता मिळाला होता, तो मी मागच्या दारालाच ठोकला, तुमच्या नाकासमोर. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यावर तुम्ही कॅलेंडर टांगलेलं. मी कॅलेंडर काढलं की तुम्ही परत टांगायचात. महिनाभर हे चाललं. आपण दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. ह्यांनी एकदा विचारलं, "ह्या घरात तारीख बघायची तरी कुठं?" तेव्हा आपण दोघी एकदम त्यांच्यावर डाफरलो. तेवढ्यापुरतं आपलं एकमत होतं.

आणि मग माझी चूक. चूक कसली, मूर्खपणा. गावात 'तंबाखूमुक्त घर' अशा पाट्या लावायच्या ठरल्या. पहिली पाटी आशाताईच्या दारावर, हे ओघानंच आलं. मी त्या दिवशी तुमच्या कमरेची डबी मागून घेतली आणि तुमच्यादेखत चुलीत रिकामी केली. तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. त्या 'बरं'चा अर्थ 'सोडली' असा मी लावला. कुठल्याही सुनेला कळलं असतं की सासूचं असलं 'बरं' म्हणजे काय असतं. मला कळलं नाही, कारण मला पाटी लावायची घाई होती.

वर खालापूरच्या बैठकीला तुम्हाला मिरवायला घेऊन गेले. "ह्या माझ्या सासूबाई, ह्यांनी चाळीस वर्षांची मिशेरी एका दिवसात सोडली." टाळ्या पडल्या. तुम्ही पदर तोंडावर घेऊन बसलात. सगळ्यांना वाटलं, म्हातारी लाजली. तिथं एक साहेब कायदा समजावत होते. गुटखा बंद, ती वाफेची सिगारेट बंद, शाळेजवळ विकायला बंद. तुम्ही मधेच हात वर केलात. "साहेब, आनि तंबाखू?" साहेब म्हणाले, "तंबाखू चालू आहे आजी, पण पुडीवर चित्र छापलेलं असतं." तुम्ही माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "म्हंजे कॅलेंडर लावायला मोकळीक हाय." कुणाला काही कळलं नाही. मी मात्र लाल झाले.

त्यानंतर दोन वर्षं आपल्या दारावर पाटी होती, आणि तुम्ही हौसाकाकूंच्या गोठ्यामागं बसून मिशेरी लावत होतात. पूर्वी दिवसातून चार वेळा लावायचात, ती चोरून सात वेळा व्हायला लागली. डबी तांदळाच्या कणगीत. मी रोज त्याच कणगीतून तांदूळ काढत होते, आणि माझ्या बोटांना एकदाही लागली नाही. वाडीवरच्या बायांच्या घरी चढून जाऊन मी बॅटरीनं एकेकीचं तोंड तपासत होते. अख्ख्या गावाची तोंडं बघितली. एक तेवढं तुमचं राहिलं. तंबाखूमुक्त घरातल्या बाईचं तोंड कशाला बघायचं?

तुम्ही सुकट खायची सोडलीत. भाकरी दुधात कुस्करून खायला लागलात. मी म्हटलं, कवळीचा त्रास असेल, वय झालं. ठेचा समोर ठेवला तर ताट सरकवायचात. ज्या बाईला हिरव्या मिरचीशिवाय घास उतरत नव्हता, ती दूधभाकरी खाते आणि तिच्या सुनेला, गावाची आरोग्यसेविका म्हणवणाऱ्या सुनेला, काही खटकत नाही! हे लिहिताना आजही कान गरम होतात.

शाळेत तोंड तपासणीचं शिबिर होतं. मी बायांची रांग लावत होते. रांग संपली, मी खुर्च्या गोळा करायला लागले, तर दारात तुम्ही. नेसूचं चांगलं लुगडं, केस विंचरलेले. म्हणालात, "माझं पन बघ. तोंड उघडते. पन वरडायचं नाय." गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता, रुपयाएवढा. मी विचारलं, "कधीपासून?" तुम्ही म्हणालात, "गेल्या भातकापनीपासनं." मी म्हटलं, "आणि मला सांगितलं नाहीत?" तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी नंतर कितीतरी बैठकांत सांगितलंय, तुमचं नाव घेऊन.

"सरकारनं गुटखा बंद केला. टपरीवर मिळतो का नाय? मिळतो. कसा? माणूस खाली हात घालतो आनि देतो. तू माझी डबी बंद केलीस, मंग मी पन खाली हात घातला. आता डबी लपवली म्हनल्यावर चट्टा कसा दाखवू?"

मी तिथंच शाळेच्या पायरीवर बसून रडले. तुम्ही डोक्यावरून हात फिरवत राहिलात. चट्टा तुमच्या तोंडात, आणि समजूत माझी काढताय! "रडू नको गं. मेले तर पाटी खरी होईल," म्हणालात. असलं बोलायची सवय तुमची. मला त्यातही हसू आलं.

कर्जतला दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. तरुण पोर. तिनं चट्टा बघितला, बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. मग खुर्ची जवळ ओढून तुम्हाला विचारलं, "आजी, दिवसातून किती वेळा?" किती साधा प्रश्न. चौदा वर्षं आशाताई असून तो मी तुम्हाला एकदाही विचारला नव्हता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग तिच्याकडे, आणि म्हणालात, "सात." तिनं ना कपाळाला हात लावला, ना चित्र दाखवलं. म्हणाली, "सगळी सोडलीत तर उत्तम. एकही चिमूट चांगली नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण आज घरी जाऊन काय जमेल ते तुम्ही सांगा. ह्या सातांतली कुठली नसली तरी चालेल?" तुम्ही खरंच विचार केलात. भाजी निवडताना करता तसा. "दुपारच्या जेवनावरची. ती नुसती सवयीनं लावते, तिच्यात राम नाय." असं सुरू झालं ते.

निकाल यायला पंधरा दिवस होते. त्या दिवसांत मी तुमच्याशी आवाज चढवून बोलले नाही, हे तुम्ही लगेच ओळखलंत. "अशी गुळमुळीत नको बोलू, मला भ्या वाटतं," म्हणालात. अकराव्या दिवशी तुम्ही मुद्दाम दूध उतू घालवलंत. मी ओरडले. तुमच्या चेहऱ्यावर काय समाधान पसरलं! निकाल चांगला आला. कॅन्सर नव्हता. पण लक्ष ठेवायला हवं, दर महिन्याला दाखवायला हवं, आणि कमी करत जायला हवं.

ती निकोटीनची चघळायची गोळी आठवते? कर्जतच्या मेडिकलवर रफिकभाईंनी नीट सांगितलं होतं, चाची, हळू चावा आणि गालात धरून ठेवा. तुम्ही दुकानातच तोंडात टाकलीत आणि पेरू खाल्ल्यासारखी चावलीत. ती बसली कवळीला चिकटून. मग काय, तुम्ही गिऱ्हाइकांसमोर कवळी बाहेर काढून काउंटरवर ठेवलीत आणि म्हणालात, "बाबा, तुझं रबर तूच काढ." रफिकभाई बिचारे हसत हसत काडीनं ते सोडवत बसले. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं आणि चोखायची गोळी दिली. परत येताना तुम्ही मला कात्रीत पकडलंत, "म्हंजे तंबाखूतलंच काढून गोळीत घातलं ना? मंग माझी घरची काय वाईट?" मी तुम्हाला सांगितलं की तलफ लावतं ते निकोटीन, आणि तोंडाची वाट लावतं ते जास्त करून तंबाखूतलं बाकीचं. गोळीत तलफेपुरतंच असतं. मग म्हणालात, "हे आधी नाय सांगितलंस. नुसतं मरशील मरशील केलंस."

खरं आहे. नुसतं मरशील मरशील केलं.

सातांची पाच, पाचांची तीन, तिनांची एक. दोन वर्षं लागली. रोज तिन्हीसांजेला मी दिवा लावायला आले की विचारायची, "किती?" आणि तुम्ही खरं सांगायचात. एखाद्या दिवशी नणंदबाईंशी फोनवर भांडण झालं की तिनाची पाच व्हायची, तेही सांगायचात. पाटी मी स्वतः काढली. चट्टा फिकट झाला. आणि एका दुपारी तुम्ही माझ्या ताटातली सुकटीची चटणी न विचारता उचललीत, भाकरीबरोबर खाल्लीत, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणालात, "मीठ कमी हाय." आई, त्या 'मीठ कमी हाय'साठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. शेवटच्या दुपारपर्यंत तुम्ही तिखट खाल्लंत. हृदय का थांबलं, त्यात तंबाखूचा वाटा किती, ते मला माहीत नाही. पण आपल्याला ती वर्षं मिळाली. ती तुम्ही मिळवलीत, मी नाही.

राहिली ती एक. सकाळची, पायरीवरची. त्या एकीवरून आपण किती भांडलो! मी म्हणायची, सहा सोडल्यात, एकीवाचून काय घोडं अडलंय? तुम्ही म्हणायचात, "ती माझी हाय. ती तुझ्या सरकारची नाय." मी म्हणायची, हाच हट्ट सगळे धरतात. तुम्ही म्हणायचात, "मंग तुझा नवरा दिवसभर तंबाखू मळतो, त्याला कवा वरडलीस? माझीच डबी बरी सापडली तुला." कंपनीच्या गेटवर तंबाखूची पुडी काढून घेतात म्हणून हे मोज्यात लपवून नेतात, हे मला लग्नापासून माहीत होतं. नवऱ्याला बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून सासूवर जोर काढला. घ्या, आता लिहूनच दिलं.

पण माझीही बाजू ऐका, आता तुम्हाला "हूं" सुद्धा करता येणार नाही. बंदी नकोच, असं मी म्हणणार नाही. शाळेच्या रस्त्यावर गुटख्याच्या पुड्यांची तोरणं लोंबायची, ती आता दिसत नाहीत. ती दिसली नाहीत म्हणून चार पोरं वाचली असतील तर ती बंदी मला प्यारी आहे. हे मी बोलले तेव्हा तुम्ही मान्य केलंत. "पोरांना बंदी घाल. मला इचारून घाल," म्हणालात. ते वाक्य मी माझ्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. त्या एका चिमटीवर मात्र आपलं जुळलं नाही. आजही मी म्हणेन, ती चिमूट औषध नव्हती. पण त्या तापाच्या दिवशी ती भाजून देणं, हे औषधच होतं. ते मी दिलं नाही.

म्हणून काल भाजली. नवी डबी आणली, भरली, कमरेला खोचली आणि पाताळगंगेच्या घाटावर गेले.

पिंड मांडला. कावळा शिवला की गेलेल्याचं मन कशात अडकलं नाही, असं आपण मानतो. मी शिकलेली, कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही असं दहा ठिकाणी सांगितलेली बाई, काल त्या करंजाच्या झाडावरून नजर हटवत नव्हते. पाच कावळे बसले होते. एकही हलेना. नणंदबाईंनी सुकटीची चटणी ठेवली, चहा ठेवला. नाही. त्या हात जोडून म्हणाल्या, "आये, माझं सगळं बरं चाललंय." नाही. मग तुमचे चिरंजीव पुढे झाले, डोळे पुसत म्हणाले, "आये, तंबाखू सोडली बघ मी आजपासनं!" कावळ्यांनी तोंडं फिरवली. हौसाकाकू मागून म्हणाल्या, "खरं बोल रं, ती आय हाय तुझी." हे खाली मान घालून म्हणाले, "बरं... कमी करतो." आणि तुमची शपथ, एक कावळा खालच्या फांदीवर आला. त्या घाटावर, सुतकात, आम्ही सगळे पोट धरून हसलो.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डबी काढली. पळसाच्या पानावर एक चिमूट ठेवली, एकच, पिंडाच्या शेजारी. म्हटलं, "आई, तुमची सकाळची. मी भाजलीय. त्या दिवशी भाजून द्यायला हवी होती. चुकले मी." मी मागे सरले.

तो खालच्या फांदीवरचा कावळा उतरला. पिंडाला चोच लावली, भात उचलला, सुकट उचलली. मिशेरीच्या पानाजवळ आला, मान वाकडी करून बघितलं, आणि ती तशीच ठेवून उडून गेला.

नणंदबाई रडत म्हणाल्या, "वंदे, सोडली गं तिनं!" हौसाकाकू म्हणाल्या, "सोडली कसली, करपलीय ती." दोघींचं जुंपलं. मी ते पान उचललं आणि नदीत सोडलं.

आज सकाळी मी मागच्या पायरीवर बसले होते. हात रिकामेच, चहासुद्धा घेतला नव्हता. अर्धा तास. मी काही विचारलंही नव्हतं, तरी हे आतून येऊन म्हणाले, "बारा." मग मला कळलं ते कशाबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "बरं. त्यातली कुठली नसली तरी चालेल?" आणि ते माझ्या शेजारी बसून विचार करायला लागले.

तुम्ही ती सोडलीत, की करपली म्हणून ठेवलीत, ते तुमचं तुम्हाला माहीत, आई. ह्यावेळी मी विचारणार नाही.